दोन रंगांचे ठिपके : फुप्फुसाच्या कर्करोगातील एका चाचणीचा इतिहास



मराठीच्या अध्यापकाने कर्करोगाच्या पेशींवर बोलावे, हे काहींना चमत्कारिक वाटेल. परंतु ज्या शास्त्रशिक्षकांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांनीच आम्हांला सूक्ष्मदर्शकाखाली कांद्याचा पापुद्रा प्रथम दाखविला. शिवाय हा विषय माझ्या मते वाचनाचाच आहे.

जुन्या पोथ्यांची पाने कधी कधी विस्कटतात. एका ग्रंथाचे पान दुसऱ्यात शिवले जाते आणि नकलाकार न थांबता पुढे लिहीत जातो. पेशीतील गुणसूत्रांचेही असेच होते. गुणसूत्र तुटते, चुकीच्या जागी जोडले जाते, आणि दोन जनुकांचे अर्धे अर्धे भाग मिळून एक नवेच जनुक तयार होते. यालाच जनुकांचा संयोग म्हणतात.

१९६० मध्ये फिलाडेल्फियात पीटर नोवेल व डेव्हिड हंगरफर्ड यांना रक्ताच्या एका कर्करोगात आखूड झालेले गुणसूत्र आढळले. तुटलेला तुकडा गेला कोठे, हे मात्र कळेना. पुढे १९७० च्या सुमारास स्वीडनमध्ये कास्पर्सन यांनी क्विनाक्रिन हे चमकणारे रंगद्रव्य वापरून गुणसूत्रांवरील पट्टे दाखविले. शिकागोच्या जॅनेट राउली घरी जेवणाच्या टेबलावर गुणसूत्रांची छायाचित्रे कातरून जुळवीत बसत. आई कागदी बाहुल्या खेळते, अशी मुले थट्टा करीत. १९७३ मध्ये त्यांनी सिद्ध केले, की तो तुकडा नाहीसा झालेला नव्हता. बाविसाव्या गुणसूत्रावरून तो नवव्यावर गेला होता. या बाईंचे स्थान मी या इतिहासात सर्वांत वरचे मानतो.

पट्टे पाहून मोठी उलथापालथ कळते. एखादे विशिष्ट जनुक त्याने दिसत नाही. त्यासाठी प्रोब लागला. डीएनएचा एक धागा आपल्या पूरक धाग्याशीच जुळतो. तेव्हा हव्या त्या जनुकाशी जुळणारा लहान धागा बनवून त्यावर खूण चढवावयाची, ही कल्पना. १९६९ मध्ये येल विद्यापीठात जोसेफ गॉल व मेरी लू पार्ड्यू यांनी किरणोत्सर्गी खूण वापरली. तिचे चित्र उमटण्यास फार काळ वाट पाहावी लागे. १९८० मध्ये हॉलंडमधील लायडन येथे चमकणारे रंगद्रव्य जोडलेला प्रोब वापरला गेला. १९९० पर्यंत दोन जनुकांना दोन रंग देऊन, रक्ताच्या त्याच कर्करोगात ते रंग एकत्र आलेले दाखविता आले.

फुप्फुसाची पाळी उशिरा आली. २००७ मध्ये जपानमधील जिची वैद्यकीय विद्यापीठात हिरोयुकी मानो यांच्या गटाने ६२ वर्षांच्या एका धूम्रपान करणाऱ्या रुग्णाच्या गाठीतील जनुके उंदराच्या पेशींत घातली आणि कोणत्या जनुकाने त्या बेबंद वाढतात, हे तपासले. तेथे ईएमएल४ आणि एएलके यांचा संयोग सापडला. त्यांनी पाहिलेल्या ७५ रुग्णांपैकी ५ जणांत तो होता. प्रौढ फुप्फुसात एएलके एरवी मौनच असते. ईएमएल४ चा पुढील भाग जोडला गेला, की ते सतत वाढीचा हुकूम देत राहते.

आता अडचण पाहा. ही दोन्ही जनुके दुसऱ्या गुणसूत्राच्या एकाच भुजेवर, सुमारे सव्वा कोट अक्षरांच्या अंतरावर, परस्परांच्या उलट दिशांनी असतात. मधला भाग उलटा फिरून ती जुळतात. शिवाय एएलकेचा जोडीदार दर वेळी ईएमएल४ च असतो असे नाही. म्हणून जोडीदार कोण, हा प्रश्नच बाजूला ठेवण्यात आला. एएलके जेथे तुटते, त्याच्या एका अंगाला लाल प्रोब व दुसऱ्याला हिरवा. जनुक अभंग असेल तर दोन्ही ठिपके लगटून राहतात, पिवळेही दिसतात. तुटले असेल तर फाकतात. असा प्रोब लसिकापेशींच्या एका कर्करोगासाठी आधीच तयार होता, कारण एएलकेचा पहिला संयोग १९९४ मध्ये त्याच रोगात कळला होता. ठिपक्यांत दोन ठिपक्यांच्या रुंदीइतके तरी अंतर हवे, असा नियम ठरला. हिरवा नसून नुसता लाल उरला तरी पेशी सदोष मानतात, कारण रोग घडविणारा भाग लालाच्या बाजूस असतो. नुसता हिरवा उरला तर मानीत नाहीत.

प्रथम ५० पेशी मोजावयाच्या. सदोष पेशी ५ हून कमी असल्यास उत्तर नकारार्थी, २५ हून अधिक असल्यास होकारार्थी. मधल्या संख्येत दुसऱ्या वाचकाने आणखी ५० मोजावयाच्या, आणि १०० त १५ भरल्या तर होकार. चकतीत केंद्रके कापली जातात, निरोगी पेशीतही ठिपके क्वचित फाकलेले भासतात; म्हणून ही मर्यादा.

२०१४ मध्ये माझ्या धाकट्या बहिणीच्या अहवालात पहिल्या वाचकाच्या ९ आणि दुसऱ्याच्या ८ पेशी होत्या. म्हणजे १७. तिने जन्मात तंबाखूला हात लावला नव्हता, तरी इंदुरातील घरी भेटीस येणारा प्रत्येक जण दबक्या आवाजात तेच विचारी. एएलकेचा संयोग धूम्रपान न करणाऱ्यांत आणि तुलनेने तरुण रुग्णांत अधिक आढळतो, हे मी किती जणांना सांगितले असेल! तीन कमी भरल्या असत्या, तर तिला ती गोळी मिळाली नसती. ती आणखी साडेतीन वर्षे आमच्यात होती.

ती गोळी क्रिझोटिनिब. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीसाठी सुमारे १५०० रुग्ण तपासून एएलकेचे ८२ निवडले गेले, आणि त्यांतील ५७ टक्क्यांच्या गाठी लक्षणीय आक्रसल्या. न निवडता सर्वांनाच औषध दिले असते, तर हा गुण सरासरीत बुडून गेला असता, असे मला वाटते. २६ ऑगस्ट २०११ रोजी अमेरिकेत औषधाला आणि प्रोबच्या चाचणीला एकाच दिवशी मान्यता मिळाली.

२०१५ मध्ये तेथे प्रथिन रंगवून पाहण्याच्या सोप्या पद्धतीलाही मान्यता मिळाली. जनुकांची अक्षरे सलग वाचणारी यंत्रे आता जोडीदाराचे नावही सांगतात. ठिपके मोजणाऱ्यांचे काम त्यामुळे कमी झाले आहे. पण या नव्या पद्धतींचे निष्कर्ष जुळले नाहीत, किंवा उत्तर संदिग्ध आले, की काच पुन्हा अंधाऱ्या खोलीत जाते आणि कोणीतरी पन्नास पेशी मोजू लागतो.