डोडीताल : गणेशजन्माचे सरोवर

उत्तराखंडातील उत्तरकाशी जिल्ह्यात, ३ हजार मीटरहून अधिक उंचीवर डोडीताल हे गोड्या पाण्याचे सरोवर आहे. गणेशाचा जन्म येथेच झाला, अशी स्थानिकांची श्रद्धा असून काठावर त्याचे मंदिर आहे. ढुंढिराज या गणेशनामावरून सरोवरास ढुंढीताल असेही म्हणतात.

उत्तरकाशीहून संगमचट्टी गाठावी व अगोडा गावी मुक्काम करावा. तेथून सुमारे १५ किलोमीटरची वाट बांज, देवदार आणि बुरांसच्या दाट सावलीतून चढत जाते. बुरांस म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉन. वसंतात तो लाल फुलांनी डवरतो. सरोवराच्या नितळ पाण्यात ट्राउट मासे दिसतात. ही जात मात्र मूळची हिमालयातील नव्हे.

गणेशभक्त मराठी पर्यटकास भाद्रपदात येथे जाण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. तो आवरावा. याच सरोवरातून निघणाऱ्या अस्सीगंगेच्या खोऱ्यात ऑगस्ट २०१२ मध्ये ढगफुटीने महापूर आला आणि खाली गंगोरीचा पूल वाहून गेला. मे-जूनचा पूर्वार्ध किंवा पाऊस ओसरल्यानंतरचा ऑक्टोबर त्यापेक्षा बरा. ऑक्टोबरात रात्री थंडी कडाक्याची असते. पुरेसे गरम कपडे सोबत हवेतच.