ओलिताचा हिशेब



आपल्याकडे सोयरिकीच्या बोलण्यात एक प्रश्न हमखास असतो : वावर ओलिताचं की कोरडवाहू? यवतमाळ जिल्ह्यात बाईचं अर्धं आयुष्य या एका उत्तरावर ठरतं. म्हणून आज या ओलितासाठी सरकारने ओतलेल्या पैशाचा इतिहास पाहू. पैसा सरकारचा म्हणतात, पण तो येतो आपल्याच पदरातून.

राज्य झालं १९६० साली. आपल्या पुसदचे वसंतराव नाईक अकरा वर्षांहून अधिक काळ मुख्यमंत्री होते. तरी विदर्भाचं ओलित मागेच राहिलं. किती मागे, हे मोजायला १९८३ मध्ये अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांची समिती नेमली गेली. पंगतीत सगळ्यांना वाढलं आणि एका लेकीचं ताट अर्धंच राहिलं, तर जे वाढायचं राहिलं त्याला अनुशेष म्हणायचं. समितीने १९८४ मध्ये राज्याचा अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपये काढला. त्यातला ३९ टक्के विदर्भाचा होता. सर्व कामांत सर्वांत मोठा अनुशेष सिंचनाचा.

म्हणजे आपली मागणी खरी होती. हे लक्षात ठेवा, कारण पुढे याच खऱ्या मागणीच्या आडून बरंच काही झालं.

१९९७ मध्ये विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळ स्थापन झालं. शेतकरी आत्महत्यांनी जिल्हा हादरला, तेव्हा २००६ मध्ये पंतप्रधानांनी विदर्भातल्या सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यातले २,१७७ कोटी सिंचनासाठी होते. पैसा येऊ लागला आणि धरणांच्या किमतीही फुगू लागल्या. बाभूळगाव तालुक्यातल्या बेंबळा प्रकल्पाची मूळ किंमत होती सुमारे १९० कोटी, ती २,१७६ कोटींवर गेली. निम्न पैनगंगा १,४०२ कोटींवरून १०,४२९ कोटींवर. २००९ मध्ये तर काही महिन्यांतच विदर्भातल्या ३८ प्रकल्पांची किंमत ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटी झाली. त्याच वर्षी ऑक्टोबरात विधानसभेची निवडणूक होती.

किंमत वाढण्याची काही कारणं रास्त असतात. जमिनीचा मोबदला वाढतो, सिमेंट-लोखंड महागतं, आराखडा बदलतो. पण दुसरी वाटही असते. एकाच वेळी भाराभर कामं काढायची. प्रत्येकाला थोडा थोडा पैसा पुरवायचा, म्हणजे एकही काम पुरं होत नाही. उशीर झाला की भाव वाढले म्हणून 'सुधारित प्रशासकीय मान्यता' घ्यायची. दरम्यान कंत्राटदाराला काम सुरू करण्याआधीच आगाऊ उचल मिळालेली असते. यात धरण रखडल्याचं नुकसान फक्त पाण्याची वाट पाहणाऱ्याला होतं.

महामंडळाच्या या वाढीव किमतींवर नंदकुमार वडनेरे यांच्या समितीने २०१० मध्येच बोट ठेवलं होतं. २०१२ मध्ये मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी राज्यपाल व मुख्यमंत्र्यांना पत्रं लिहून खात्यातला गैरकारभार मांडला. दहा वर्षांत सुमारे ७० हजार कोटी खर्चूनही ओलित जेमतेम ०.१ टक्का वाढलं, असा हिशेब आर्थिक पाहणीच्या आकड्यांवरून पुढे आला. सरकारच्या श्वेतपत्रिकेने वाढ ५.१७ टक्के सांगितली. आधी जलसंपदा खातं सांभाळलेले उपमुख्यमंत्री अजित पवार यांनी सप्टेंबरात राजीनामा दिला आणि डिसेंबरात ते पदावर परतले. नागपूरच्या जनमंच संस्थेने उच्च न्यायालयात याचिका केली. माधवराव चितळे यांच्या समितीनेही अनियमितता दाखवल्या. पुढे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने गुन्हे नोंदवले, पण २०१९ च्या अखेरीस त्याच विभागाने पवारांवर जबाबदारी येत नसल्याचं न्यायालयात सांगितलं. दोषी कोण, हे ठरवणं न्यायालयाचं काम. आपण पाहायचं ते एवढंच, की हे इतकी वर्षं चाललं कसं?

उत्तर साधं आहे. ज्यांना फायदा होतो ते मोजके असतात, एकमेकांना ओळखतात आणि मंत्रालयाच्या दारात उभे असतात. ज्यांच्या खिशातून जातं ते कोट्यवधी असतात आणि प्रत्येकाचं थोडंथोडंच जातं. 'आम्ही कुठे कर भरतो?' असं आपल्यातल्या कितीतरी जणी म्हणतात. पण साबणाची वडी, चहाचा पुडा, मोबाइलचा रिचार्ज, गाडीतलं पेट्रोल, प्रत्येकात कर आहे. पऱ्हाटी वेचणारी मजूर बाईही तो भरते. तिला पावती मिळत नाही, म्हणून तिला हिशेब मागायचा हक्क आहे असं वाटत नाही.

तिचं नुकसान दुहेरी आहे. कर गेला तो गेलाच, आणि पाटाला पाणीही आलं नाही. ओलित असतं तर गहू-हरभरा झाला असता, उन्हाळ्यातही कामं मिळाली असती, सावकाराच्या दारात जावं लागलं नसतं. रखडलेल्या धरणाची ही किंमत कोणत्याही श्वेतपत्रिकेत लिहिलेली नाही.

बचत गटात पाच रुपयांचा फरक आला तरी आपण वही पुन्हा तपासतो. तीच सवय इथे हवी. माहितीचा अधिकार २००५ पासून आपल्या हाती आहे. गावाजवळच्या कालव्याबद्दल तीन गोष्टी विचारा : मूळ किंमत किती, किती वेळा वाढली आणि कशामुळे, आणि आज प्रत्यक्ष किती एकर भिजतं? अर्ज साध्या कागदावर चालतो, आणि बचत गटाच्या बैठकीतही तो लिहिता येतो.