शनीच्या कड्यांची वाट

शनि हा मंदगति ग्रह. सूर्याभोंवतीं एक फेरा पुरा करण्यास त्याला साडेएकोणतीस वर्षें लागतात, म्हणून एका राशींत त्याचा मुक्काम अडीच वर्षांचा, आणि तीन राशींचा हिशेब साडेसातीच्या रूपानें घरोघर ठाऊक आहे. परंतु ज्या कड्यांमुळें हा ग्रह सर्वांत देखणा ठरला, तीं नुसत्या डोळ्यांना दिसत नाहींत. १६१० सालीं गॅलिलिओनें दुर्बीण लावली, तेव्हां ग्रहाच्या दोहों बाजूंस दोन गोळे चिकटल्यासारखे त्याला दिसले. दोन वर्षांनीं पाहतो तों ते नाहींसे! कडें पृथ्वीच्या समोर अगदीं धारेवर आलें होतें, हें त्या बिचाऱ्याला कळावें कसें? त्याचा खुलासा हायगेन्स या डच पंडितानें १६५९ सालीं केला. १६७५ सालीं पॅरिसच्या वेधशाळेंत कॅसिनीला कड्यांत एक काळी फट आढळली. पुढें मॅक्सवेलनें गणितानें दाखविलें कीं, अखंड घन कडें टिकणेंच शक्य नाहीं. तो असंख्य सुट्या कणांचा समुदाय असला पाहिजे. १८९५ सालीं कीलरनें वर्णपटाच्या साहाय्यानें त्यावर शिक्कामोर्तब केलें.

जवळ जाऊन पाहावें, तर भीति ह्या कणांचीच. सेकंदाला वीस-तीस किलोमीटर कापणाऱ्या यानाला वाटाण्याएवढा खडाहि बंदुकीच्या गोळीहून वाईट. अमेरिकेनें १९७७ सालीं सोडलेल्या दोन व्हॉएजर यानांपैकीं दुसऱ्याला शनीवरून पुढें युरेनसकडे जावयाचें होतें. त्यासाठीं दिसणाऱ्या कड्यांच्या बाहेर, पण त्यांच्यापासून फार दूर नव्हे, अशा ठराविक ठिकाणींच कड्यांची पातळी ओलांडणें भाग होतें. तेथें धूळ आहे कीं मोकळें आकाश, हें पृथ्वीवरून खात्रीनें सांगण्याची सोय नव्हती.

१९७३ सालीं निघालेलें पायोनिअर ११ हें जुनें यान मात्र त्या दोघांच्या पुढें चाललें होतें. त्याच्या चालकांच्या मनांत त्याला ग्रह आणि कडीं यांच्यामधल्या पोकळींतून न्यावयाचें होतें. तेथलीं मापनें अधिक मोलाचीं ठरलीं असतीं. वरिष्ठांनीं निर्णय दिला तो निराळाच. पायोनिअरनें व्हॉएजरच्या वाटेनें जावें. तें वांचलें तर वाट निर्धोक, नष्ट झालें तर मागच्याला वेळींच दुसरीकडे वळवितां येईल. निर्णय निष्ठुर खरा, पण चुकीचा म्हणवत नाहीं.

१ सप्टेंबर १९७९ रोजीं पायोनिअर सुखरूप पार झालें. त्याच्याजवळ खरा कॅमेरा नव्हताच. यान स्वतःभोंवतीं फिरतांना एक लहान दुर्बीण पट्टीमागून पट्टी टिपी, आणि त्या पट्ट्या जोडून चित्र तयार होई. तरीहि त्यांत एक नवें, अरुंद कडें सांपडलें. शिवाय पायोनिअरनें कडीं उन्हाच्या उलट बाजूनें पाहिलीं. त्या बाजूनें दाट भाग काळे व विरळ भाग उजळ दिसतात. आणि कॅसिनीची ती काळी फट चक्क उजळलेली होती. म्हणजे ती रिकामी नव्हती!

व्हॉएजरचीं छायाचित्रें त्याहून फार सरस. एका चित्रांत ८०० ओळी, प्रत्येक ओळींत ८०० ठिपके, प्रत्येक ठिपक्याच्या उजेडाला एक आंकडा. आणि हे आंकडे सुमारें २३ वॅट शक्तीच्या यंत्रानें बिनतारी लहरींवरून धाडलेले. घरांतल्या मंद दिव्याएवढ्या शक्तीची ती हांक जवळ जवळ दीड तासानें पृथ्वीवर पोंचे. १९८० च्या नोव्हेंबरांत व्हॉएजर १ चीं चित्रें आलीं, तेव्हां तीन-चार रुंद कड्यांच्या जागीं ग्रामोफोनच्या तबकडीवरील रेघांसारखीं शेंकडों कडीं दिसलीं. पायोनिअरला सांपडलेलें कडें तर वेणीच्या पेडांसारखें गुंफलेलें! दुसऱ्या एका कड्यावर चाकाच्या आऱ्यांसारख्या काळसर रेघा फिरत होत्या. आंतले कण बाहेरच्यांहून वेगानें फिरत असतां अशी रेघ क्षणभर तरी सरळ राहावी कशी, हें कोडें शास्त्रज्ञांना पडलें. विद्युद्भारित सूक्ष्म धुळीचा तो खेळ असावा असें मानतात.

ऑगस्ट १९८१ मध्यें व्हॉएजर २ नें अनुराधा नक्षत्रांतील एक तारा कड्यांच्या आड जातांना दोन तासांहून अधिक काळ न्याहाळला. तारा क्षणांत मंदावे, क्षणांत उजळे. त्या नोंदींवरून कड्यांची गणती हजारांवर गेली. मग यानानें पायोनिअरनें दाखविलेल्या जागीं कड्यांची पातळी ओलांडली, आणि थोड्याच वेळांत कॅमेऱ्याचें फिरतें आसन अडकलें. कणाचा आघात झाला कीं काय, या शंकेनें सर्वांचे चेहरे उतरले. कांहीं चित्रें कायमचीं गेलीं. दोष वंगणाचा होता, असें पुढें निष्पन्न झालें. आसन पुन्हां फिरूं लागलें, आणि यान १९८६ सालीं युरेनसपाशीं व १९८९ सालीं नेपच्यूनपाशीं पोंचलें. नेपच्यूनचें कडें तुटक आहे असा पृथ्वीवरील वेधांचा समज होता. चित्रांत तें अखंड दिसलें, मात्र कांहीं ठिकाणीं दाट.

पायोनिअरला नाकारलेल्या आंतल्या बाजूस जाण्याचा योग २०१७ सालीं कॅसिनी नांवाच्या यानाला आला. २६ एप्रिल रोजीं तें ग्रह आणि कडीं यांच्यामधून प्रथम गेलें, तें आपली मोठी तबकडी ढालीसारखी पुढें धरून. धुळीच्या आघातांचें ध्वनींत रूपांतर करून ऐकण्याची व्यवस्था होती. तडतडाट ऐकूं येईल म्हणून सारे कान देऊन बसले होते. ऐकूं आला तो जवळ जवळ नुसता यंत्राचा सूं सूं आवाज.