बदरी-केदारच्या वाटेवरील चट्ट्या

मोटारीचा रस्ता होण्यापूर्वी हृषीकेशहून निघालेला बदरी-केदारचा यात्रेकरू बहुधा पायीच जात असे. गढवालच्या त्या अवघड वाटेवर त्याचा खरा आधार म्हणजे चट्टी. दर काही मैलांवर गवताने शाकारलेल्या, पुढून उघड्या पडव्यांची रांग लागे, तीच चट्टी. तेथील व्यवहार मोठा सुटसुटीत होता. दुकानदाराकडून पीठ, डाळ, तूप विकत घ्यावे. मग रात्रीच्या निवाऱ्याचे वा स्वयंपाकाच्या भांड्यांचे निराळे भाडे पडत नसे. त्यामुळे बेताच्या ऐपतीच्या गृहस्थालाही फारशा ओझ्यावाचून प्रवास आखता येई. पहाटे निघावे, दुपारी एका चट्टीवर रांधावे, सायंकाळी पुढची गाठावी.

या व्यवहाराला दातृत्वाचीही जोड होती. अठराव्या शतकात अहिल्याबाई होळकरांनी बदरी-केदार येथे धर्मशाळा बांधविल्या. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काली कमलीवाले बाबांनी या वाटेवर धर्मशाळा व सदावर्ते उभारली.

१९६२च्या युद्धानंतर सीमेकडील रस्ते झपाट्याने झाले. एका दिवसात मोटार अनेक चट्ट्या मागे टाकू लागली आणि त्या ओस पडल्या. गौरीकुंडाहून केदारनाथची पायवाट तेवढी उरली. तिच्या मध्यावरील रामबाड्याला थकलेला यात्रेकरू चहासाठी टेके. जून २०१३च्या प्रलयात रामबाडा वाहून गेला. केदारनाथाचे मंदिर मात्र उभे राहिले.

मंदिरे बांधणाऱ्यांची नावे इतिहास जपतो. भाविकाला तेथवर पोहोचविणाऱ्या चट्टीवाल्यांची नावे मात्र फारशी कोणी लिहून ठेवली नाहीत.