४२.३४ मीटरवरचा हिंदुस्थानी आवाज

शालेय इतिहासाच्या पुस्तकात ‘छोडो भारत’च्या धड्यात मुंबईच्या भूमिगत रेडिओला दोन-तीन ओळी मिळतात. त्याचे नाव ‘आझाद रेडिओ’ असे दिलेले असते, त्यामुळे बरीच मुले तो सुभाषबाबूंचा रेडिओ समजतात. ते दोन वेगळे रेडिओ. सुभाषबाबूंचा आवाज जर्मनीतून येत होता आणि त्यामागे एका सरकारची यंत्रणा उभी होती. मुंबईचा काँग्रेस रेडिओ भाड्याच्या खोलीत हाताने जोडलेल्या यंत्रावर चालत होता. चालवणारे विशी-पंचविशीतले होते आणि पकडले गेलो तर तुरुंग नक्की, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होते.

मी गोंदियात उर्दू आणि मराठी शिकवतो. इतिहास माझा विषय नाही. तरीही या रेडिओवर लिहावेसे वाटले, कारण त्याच्या गोष्टीत आपला विदर्भ आहे आणि आपली भाषाही आहे. पुस्तकातल्या त्या ओळींत यातले काहीच येत नाही.

आधी यंत्राबद्दल. १९३३ च्या कायद्याप्रमाणे परवान्याशिवाय बिनतारी यंत्र जवळ बाळगणे हाच गुन्हा होता. तेव्हा देशात हौशी रेडिओवाले थोडेच होते. घरी सुटे भाग जोडून यंत्र तयार करायचे आणि दूरच्या दुसऱ्या हौशी माणसाशी बोलायचे, हा त्यांचा छंद. १९३९ मध्ये महायुद्ध सुरू होताच इंग्रज सरकारने त्यांचे परवाने रद्द केले आणि यंत्रे जमा करायला सांगितली. पण यंत्र जमा झाले तरी ते जोडणाऱ्याच्या डोक्यातली विद्या कुठे जमा होते? मुंबईचे नरिमन प्रिंटर हे असेच एक तंत्रज्ञ. १९४२ च्या ऑगस्टमध्ये पुढारी तुरुंगात गेले, वृत्तपत्रांची तोंडे बंद झाली, तेव्हा उषा मेहता, बाबूभाई खाकर, विठ्ठलदास आणि चंद्रकांत झवेरी या तरुणांना अशाच माणसाची गरज होती. प्रिंटर यांनी ट्रान्समीटर जोडून दिला. काँग्रेसच्या अधिवेशनांना लाउडस्पीकर पुरवणाऱ्या शिकागो रेडिओ कंपनीच्या नानक मोटवाने यांनी साहित्य दिले. म्हणजे गुजराती विद्यार्थी, पारशी तंत्रज्ञ आणि सिंधी व्यापारी अशी ही मंडळी.

ऑगस्टच्या अखेरीस आवाज सुरू झाला. भारतातच कुठून तरी ४२.३४ मीटरवर काँग्रेस रेडिओ बोलत आहे, अशी घोषणा व्हायची. हा आकडा समजून घेण्यासारखा आहे. ४२.३४ मीटर लांबीची लहर म्हणजे सुमारे ७ मेगाहर्ट्झ. हौशी रेडिओवाल्यांचा ‘४० मीटरचा पट्टा’ म्हणतात तो हाच, आणि तो आजही त्यांच्याकडेच आहे. या पट्ट्याची खुबी अशी की ही लहर आकाशाकडे जाते, शेकडो किलोमीटर उंचीवरच्या विद्युतभारित थरावर आदळते आणि दूरच्या गावात खाली उतरते. त्यामुळे ताकद थोडी असली तरी पल्ला मोठा मिळतो. आज ५ वॉट किंवा त्याहून कमी ताकदीवर बोलणाऱ्या हौशी मंडळींचा एक वेगळा पंथच आहे. घरातला एलईडी दिवा साधारण ९ वॉटचा असतो, म्हणजे त्याच्या जेमतेम निम्म्या ताकदीत ही माणसे दुसऱ्या राज्यातल्या माणसाशी बोलतात. या लहरीसाठी ऐरियल म्हणजे एकूण २० मीटरच्या आसपास तांब्याची तार, मधोमध कापून दोन्हीकडे ताणलेली. अंगणात कपडे वाळत घालायच्या दोरीसारखीच दिसते.

पण जी लहर श्रोत्यापर्यंत पोहोचते ती पोलिसांपर्यंतही पोहोचते. दिशा शोधणारी यंत्रे गाडीत घालून पोलीस मुंबईभर फिरत. म्हणून केंद्राची जागा सारखी बदलावी लागे. आधी चौपाटीजवळ, मग लॅबर्नम रोड, सँडहर्स्ट रोड, गिरगावातली पारेख वाडी आणि शेवटी महालक्ष्मी मंदिराजवळचा पॅराडाइज बंगला. प्रत्येक वेळी जड यंत्र उचलायचे, नवी खोली घ्यायची, तार पुन्हा ताणायची.

आणि बोलायचे काय? जे छापायला बंदी होती ते. चितगावचा बॉम्बहल्ला, जमशेदपूरचा संप, आणि आष्टी-चिमूर. १६ ऑगस्ट १९४२, नागपंचमीचा दिवस. वर्धा जिल्ह्यातल्या आष्टीत आणि तेव्हाच्या चांदा जिल्ह्यातल्या चिमुरात मोर्चे निघाले, गोळीबार झाले, जमावाच्या हातून सरकारी माणसेही मारली गेली. मग चिमुरात गोरे सैनिक आले आणि गावातल्या बायाबापड्यांवर जे अत्याचार झाले, त्यांची बातमी छापू दिली जात नव्हती. चौकशी व्हावी म्हणून प्रा. भन्साळींना ६३ दिवस उपोषण करावे लागले. काँग्रेस रेडिओने आष्टी-चिमूरची हकीकत देशाला ऐकवली. आपल्या भागात तेव्हा गोंदिया जिल्हा नव्हता, सगळा मिळून भंडारा जिल्हा होता. इथून चार दिवसांच्या वाटेवर काय घडले, ते इथल्या वर्तमानपत्रात येऊ शकत नव्हते. पण मुंबईच्या एका खोलीतून ते हवेत सोडता येत होते.

हे सांगितले जायचे ते इंग्रजीत आणि हिंदुस्थानीत. इंग्रजीत राममनोहर लोहिया आणि कूमी दस्तूर बोलत. हिंदुस्थानीत उषाबेन, अच्युतराव पटवर्धन आणि मोइनुद्दीन हारिस. कार्यक्रमाची सुरुवात इक्बालांच्या ‘हिंदोस्ताँ हमारा’ने आणि शेवट ‘वंदे मातरम्’ने. आज या दोन गीतांवरून कोण कुठल्या बाजूचा हे ठरवण्याची घाई असते. त्या खोलीत मात्र दोन्ही एकाच कार्यक्रमात वाजत होती आणि एकाच गुन्ह्याचा पुरावा ठरत होती. हारिस हे मुंबईच्या उर्दू पत्रकारितेतले नाव. आपल्या मुलांना स्वातंत्र्यलढ्यातली मुस्लिम नावे विचारली तर मौलाना आझाद आणि अशफाकउल्ला खान यांच्यापुढे गाडी जात नाही. त्यात हे एक नाव जोडायला हरकत नसावी. यात उपकाराची किंवा सफाई देण्याची भावना नको. ते तिथे होते, एवढेच सांगायचे.

१२ नोव्हेंबर १९४२ ला प्रिंटर पोलिसांच्या ताब्यात होते आणि केंद्राचा पत्ता त्यांच्याकडूनच पोलिसांना कळला. पॅराडाइज बंगल्याची दारे फोडून पोलीस आत आले तेव्हा ‘वंदे मातरम्’ची तबकडी वाजत होती. उषाबेन आणि चंद्रकांत झवेरी जागीच पकडले गेले. पुढे विशेष न्यायालयात खटला चालला. १९४३ मध्ये बाबूभाईंना ५ वर्षे, उषाबेनना ४ वर्षे आणि चंद्रकांत झवेरींना १ वर्षाची शिक्षा झाली. विठ्ठलदास आणि मोटवाने सुटले. प्रिंटर यांना गद्दार म्हणून मोकळे होणे सोपे आहे. मला वाटते, यंत्र ज्यांनी उभे केले आणि पत्ताही ज्यांनी दिला, ते एकच होते, हे मुलांना जसेच्या तसे सांगावे. माणूस ओळखायला अशा गोष्टी पुतळ्यांपेक्षा जास्त कामाच्या असतात.

गंमत अशी की या रेडिओवरचे शब्द आज वाचायला मिळतात ते पोलिसांमुळे. पकडण्यासाठी ते रोज कान लावून प्रत्येक वाक्य उतरवून घेत होते. सरकारी दफ्तरातल्या त्याच कागदांनी हा आवाज जपला.

घरी यंत्र जोडण्याची परंपरा थांबलेली नाही. हैदराबादच्या अशहर फरहान यांनी २००३ च्या सुमारास ‘बिटएक्स’ नावाच्या छोट्या ट्रान्सीव्हरचा आराखडा तयार करून सगळ्यांसाठी खुला ठेवला. महागडे परदेशी भाग आपल्याकडे मिळत नाहीत, म्हणून कॉइल गुंडाळायला त्यांनी चक्क नळाचे वॉशर वापरले. ताकद साधारण ६ वॉट. आज जगभरचे हौशी लोक ते यंत्र जोडतात. आता यासाठी लपायची गरज नाही. वयाची १२ वर्षे पूर्ण झालेल्या कोणालाही केंद्र सरकारची परीक्षा देऊन परवाना मिळतो, स्वतःचे संकेतनाव मिळते.

आपल्या मोहल्ल्यात मोबाइल दुरुस्तीच्या टपऱ्या कमी नाहीत. सोल्डरिंग आयर्न सफाईने चालवणारी मुले तिथे दिवसभर बसलेली असतात, आणि शाळेने त्यांच्यातल्या बऱ्याच जणांना ‘अभ्यासात कच्चा’ म्हणून केव्हाच सोडून दिलेले असते. त्यांच्या हातात जी कला आहे, तिच्यावर १९४२ मध्ये एका मोठ्या सरकारची झोप उडाली होती. हे त्यांना कोणीतरी सांगायला हवे. त्यासाठी इतिहासाचाच शिक्षक असावा लागतो असे नाही.