कोरियातील बाजारदिवस

कोरियात जाऊन आलेली मंडळी तेथील बाजारांचे वर्णन करतात ते बहुधा खाण्याच्या अंगाने. सेऊलच्या ग्वांगजांग बाजारात भिजवलेली मुगाची डाळ जात्यावर वाटून तिची जाड धिरडी तेलात तळून देणाऱ्या बाया आणि त्यांच्यासमोर बाकांवर दाटीने बसलेली गिऱ्हाइके, हे चित्र आता आपल्याकडेही पुष्कळांच्या परिचयाचे झाले आहे. त्या धिरड्याला तेथे बिंदेत्तॉक म्हणतात. ते रुचकर असते यात शंका नाही. परंतु आज आम्हांस सांगावयाचे आहे ते निराळे. बाजारात पथारी टाकून बसण्याचा हक्क त्या देशातील सामान्य माणसाला सहजासहजी मिळालेला नाही.

1392 साली स्थापन झालेल्या चोसोन राजवटीने आपल्या राजधानीत, म्हणजे आजच्या सेऊलमध्ये, सरकारमान्य दुकानांची रांग वसविली. या दुकानदारांनी दरबाराला लागणारा माल पुरवावयाचा आणि त्या बदल्यात ठराविक वस्तूंचा मक्ता भोगावयाचा, असा हा व्यवहार होता. पुढे तर परवान्यावाचून विकणाऱ्याला हुसकावून लावण्याचा अधिकारच त्यांस मिळाला. खेड्यातून भाजीची पाटी घेऊन आलेल्या माणसाने राजधानीत बसावे कोठे? आणि मक्तेदाराने वाढविलेला भाव गरिबाने द्यावा कोठून? अखेर 1791 साली जॉंगजो राजाने, चे जे-गोंग या मंत्र्याच्या सल्ल्याने, हा अधिकार काढून घेतला. तरी रेशीम, कागद इत्यादी मालाच्या सहा बड्या पेढ्यांचा मक्ता शिल्लक राहिला. तो 1894 च्या सुधारणांत गेला.

खेड्यांची गोष्ट वेगळी होती. आपल्याकडे बाजार वारावर भरतो, तेथे तो तारखेवर भरतो. एका गावी 1 आणि 6 या अंकांच्या तारखा, तर शेजारच्या गावी 2 आणि 7, अशी पाच दिवसांची फेरी. अठराव्या शतकाच्या अखेरीस असे सुमारे हजार बाजार त्या देशात होते. पाठीवर ओझे घेतलेले फिरते व्यापारी आज या गावी, उद्या त्या गावी असे आयुष्यभर चालत राहात. ई ह्यो-सॉक या लेखकाची 1936 सालची एक प्रसिद्ध कथा अशाच व्यापाऱ्यांच्या रात्रीच्या वाटचालीवर आहे.

1905 साली जपानचा पंजा कोरियावर बसला. जुन्या बाजारांची सूत्रे परक्यांच्या हाती जाऊ लागली, तेव्हा त्याच वर्षी काही कोरियन व्यापाऱ्यांनी एकत्र येऊन आपली कंपनी काढली व स्वतःचा बाजार चालविला. वर सांगितलेला ग्वांगजांग बाजार तो हाच. पाच वर्षांनी देशच जपानच्या राज्यात विलीन झाला.

मग आला 1919 चा मार्च. पहिल्या तारखेस सेऊलमध्ये स्वातंत्र्याचा जाहीरनामा वाचला गेला, आणि (ही गोष्ट आम्हांस फार आवडते) त्यावर सह्या करणारे पुढारी त्यासाठी जमले होते ते एका खाणावळीत. काही दिवसांनी राजधानीतील दुकानदारांनी दुकाने बंद ठेवली. मात्र खेड्यापाड्यांत चळवळ पसरली ती बाजारदिवसांच्या आधारे. सभेला बंदी घालता येते, परंतु बाजाराला जाणाऱ्या शेतकऱ्याला अडवावयाचे तरी कोणत्या कारणाने? यू ग्वान-सून ही सोळा वर्षांची विद्यार्थिनी सेऊलची शाळा बंद झाल्याने गावी परतली होती. 1 एप्रिल रोजी आउनेच्या बाजारात तिने व तिच्या गावकऱ्यांनी निशाणे वाटली. सुमारे 3,000 लोक जमले. जपानी शिपायांनी गोळ्या झाडल्या. एकोणीस माणसे मेली, त्यांत तिचे आई आणि वडील दोघेही होते. ती स्वतः 28 सप्टेंबर 1920 रोजी तुरुंगात वारली. आउनेच्या गोळीबारानंतर पाचव्या दिवशी, 6 एप्रिलला, मुंबईने रौलट कायद्याविरुद्ध हरताळ पाळला होता. दोन्ही गावांना एकमेकांची वार्ता असण्याचा संभव नव्हता.

1950 ते 1953 च्या युद्धात सेऊलचे बाजार उद्ध्वस्त झाले आणि निर्वासितांचे लोंढे दक्षिणेकडे पुसान बंदरात आले. उत्तरेकडच्या या लोकांना कुट्टूच्या पिठाच्या गार शेवया खाण्याची सवय. कुट्टू मिळेना, तेव्हा त्यांनी अमेरिकेच्या मदतीतून आलेल्या गव्हाच्या पिठाच्या शेवया केल्या. त्या मिलम्यॉनची दुकाने आज पुसानचे भूषण मानली जातात.

आउनेला आता लोक जातात ते सुन्दे खाण्यासाठी. डुकराच्या आतड्यात रक्त व भाज्या भरून तो पदार्थ शिजवितात. आमच्या काही श्रोत्यांच्या कपाळाला आठ्या पडतील, त्यास इलाज नाही. त्या पदार्थाच्या दुकानांची तेथे एक गल्लीच आहे. पाचवे दिवशीचा बाजारही चालू आहे, आणि तारखा पूर्वीच्याच: 1 आणि 6.