छापील पुस्तक आणि पंतोजींची शाळा : मुंबई इलाख्यातील शिक्षणयोजनेचा एक विचार (१८२२–१८४२)

शिक्षणाच्या इतिहासात योजनांचे कागद विपुल आढळतात; त्या योजना प्रत्यक्ष वर्गात पोहोचल्यावर त्यांचे काय झाले, ह्याची नोंद मात्र विरळा. योजना करणारा अधिकारी अहवाल लिहितो. मुलांना अक्षरे गिरवावयास लावणारा शिक्षक बहुधा लिहीत नाही. त्यामुळे शाळेत आलेल्या प्रत्येक नव्या साधनाचा इतिहास, ते साधन पाठविणाऱ्यांच्या कागदांवरूनच रचला जातो. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबई इलाख्यातील शाळांत छापील पुस्तक आले, त्याचा इतिहासही ह्याला अपवाद नाही. प्रस्तुत लेखात त्या घटनेचा विचार एका मर्यादित प्रश्नाच्या अनुरोधाने करावयाचा आहे. ज्या उणिवेवरील उपाय म्हणून पुस्तक योजिले गेले, ती उणीव त्या शाळांची होती, की योजनाकारांच्या मनातील शाळेच्या कल्पनेची?

१८१८ त पेशवाईचा अंत झाला. १८१९ त माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर झाला आणि १८२७ पर्यंत तो त्या पदावर होता. १८२२ त मुंबईत ‘नेटिव्ह स्कूल-बुक अँड स्कूल सोसायटी’ स्थापन झाली. १८२७ पासून हीच संस्था ‘बाँबे नेटिव्ह एज्युकेशन सोसायटी’ ह्या नावाने ओळखली जाऊ लागली. तिच्या पहिल्या नावातच पुस्तकाचा उल्लेख शाळेच्या आधी आहे, हे लक्षात घेण्याजोगे आहे. १८२३ त सोसायटीच्या समितीने एतद्देशीय शाळांच्या स्थितीविषयी आपला निष्कर्ष मांडला. तीत चार उणिवा सांगितल्या होत्या: पुस्तकांचा अभाव, पद्धतीचा अभाव, योग्य शिक्षकांचा अभाव आणि द्रव्याचा अभाव. त्यांत पुस्तकांचा अभाव ही पहिली व मुख्य उणीव मानली गेली. त्याच वर्षाच्या डिसेंबरात एल्फिन्स्टनने शिक्षणविषयक टिपण लिहिले. त्यातही चालू शाळांतील अध्यापनाची सुधारणा आणि शाळांना पुस्तकांचा पुरवठा ही आरंभीची कलमे होती. कौन्सिलातील त्याचा सहकारी फ्रान्सिस वॉर्डन ह्याचे मत भिन्न होते. सरकारने ह्या कामात फार पुढे होऊ नये आणि भर इंग्रजीवर असावा, असे त्याचे म्हणणे. पुस्तकावरील दोघांच्या विश्वासात मात्र फारसे अंतर नव्हते.

आता ज्या शाळेविषयी हा निर्णय झाला, तिचे स्वरूप पाहू. पंतोजींची शाळा एखाद्या घराच्या ओसरीवर किंवा देवळात भरे. मूल प्रथम धुळपाटीवर अक्षर गिरवी. हात बसला म्हणजे बोरू येई. पाढ्यांबरोबर पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी ह्यांची घोकंपट्टी चाले, आणि पुढे मोडीतील पत्रे, खते व हिशेबाचे कागद वाचावयास शिकविले जात. पंतोजींचे उत्पन्न पालकांकडून मिळणारे धान्य, थोडे रोख पैसे आणि सणावारी येणारी देणगी एवढ्यावर चाले. मोठी मुले धाकट्यांना संथा देत. ह्या शाळेत छापील पुस्तक नव्हते, कारण तिला ते लागत नव्हते. मुलाला ज्या कागदांचे वाचन पुढे करावयाचे होते, तेच हस्तलिखित कागद तिचे पाठ्यपुस्तक होते. तेव्हा ‘पुस्तकांचा अभाव’ हे त्या शाळेचे वर्णन म्हणून खरे असले, तरी तिच्या दोषाचे निदान म्हणून ते तितकेसे खरे नाही.

तथापि ह्यावरून त्या शाळेचे उदात्तीकरण करणे अनुचित ठरेल. तिचे दार बहुधा कारकुनी, व्यापार अथवा सावकारी करणाऱ्या घरांतील मुलग्यांनाच उघडे होते. मुली आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींची मुले तिच्याबाहेर होती. तिचे शिक्षण उपयुक्त होते, पण ते उपयोगाच्या सीमेपलीकडे जात नसे. समितीने उणीव पाहिली ह्यात चूक नव्हती. तिने उणिवांचा जो क्रम लावला, तो विचार करण्याजोगा आहे.

दुसरी उणीव पद्धतीची मानली होती आणि तिच्यावरचा उपाय लँकेस्टरची पद्धती हा होता. ह्या पद्धतीचा प्रवास मनोरंजक आहे. मद्रास येथील लष्करी अनाथालयाची देखरेख १७८९ त अँड्र्यू बेलकडे आली. तेथील देशी शाळेतील मुले बोटाने वाळूत अक्षरे काढतात हे पाहून त्याने ती रीत आपल्या शाळेत आणली. जाणत्या मुलाने नेणत्यास शिकवावे अशी व्यवस्था लावली. आणि १७९७ त लंडनमध्ये ह्या प्रयोगाची हकीकत छापली. पुढच्याच वर्षी जोसेफ लँकेस्टरने लंडनमध्ये शाळा उघडून तशाच पद्धतीचा प्रसार केला. पाव शतकानंतर तीच पद्धती मुंबईस सुधारणा म्हणून आली. ओसरीवरची वाळू समुद्र ओलांडून परत ओसरीवर आली असे म्हणावयास हरकत नाही. फक्त परत येताना तिला ‘पद्धती’ हे नाव मिळाले होते.

ही पद्धती रचली गेली होती ती एका शिक्षकाच्या हाताखाली शेकडो मुले असलेल्या मोठ्या दालनासाठी. १८२९ च्या सरकारी गणतीप्रमाणे मुंबई इलाख्यात १,७०५ शाळा व सुमारे ३५ हजार विद्यार्थी होते. म्हणजे एका शाळेत सरासरी वीस मुले. वीस मुलांच्या शाळेत शेकडोंच्या व्यवस्थेचे प्रयोजन काय, हा प्रश्न योजनेच्या कागदांत पुढे येत नाही. साधन वा पद्धती उसनी घेताना ती मुळात कोणत्या अडचणीवर निघाली होती, हे तपासण्याची आवश्यकता येथे स्पष्ट होते.

पुस्तकाच्या बाबतीत खरा पेच लिपीचा होता. शाळेची नित्याची लिपी मोडी. धातूच्या खिळ्यांना सोयीची लिपी बाळबोध. मोडी ही हात न उचलता लिहावयाची लिपी असल्यामुळे तिची जोडाक्षरे व वळणे सुट्या खिळ्यांत बसविणे कष्टाचे होते. श्रीरामपूरच्या मिशनऱ्यांनी मोडीचे खिळे पाडून मराठी पुस्तके छापली होती, हे खरे. पण मुंबईत हा मार्ग रूढ झाला नाही. येथे शिळाछापाने एक वेगळी वाट उघडली. अठराव्या शतकाच्या अखेरीस बव्हेरियात आलॉइस झेनेफेल्डरने शोधलेल्या ह्या कलेत गुळगुळीत चुनखडीच्या दगडावर तेलकट शाईने अक्षर उमटवितात. दगड ओला केला म्हणजे छपाईची शाई फक्त त्या अक्षरांनाच धरते. ह्या रीतीत खिळ्यांची गरज नसते. लेखकाच्या हाताचे वळणच छापले जाते. म्हणून बाळबोध व मोडी ह्या दोन्ही लिप्या शिळाछापावर सारख्याच सुलभ होत्या. छपाईच्या युगात जुन्या लिपीला जागा देणारे साधन त्या काळी उपलब्ध होते, ही गोष्ट सहसा विसरली जाते.

सोसायटीचे कार्यवाह जॉर्ज जर्व्हिस आणि एतद्देशीय कार्यवाह सदाशिव काशीनाथ छत्रे ह्यांच्या काळात ग्रंथनिर्मितीला गती आली. जर्व्हिसने जगन्नाथशास्त्री क्रमवंत ह्यांच्या साहाय्याने गणिताचे ग्रंथ मराठीत आणले. छत्र्यांचे ‘बाळमित्र’ १८२८ त निघाले. १८२९ त पंडितांनी रचलेला मराठी कोश आणि १८३६ त दादोबा पांडुरंगांचे व्याकरण प्रसिद्ध झाले. ह्या वाङ्मयाने मराठी गद्याचा पाया घातला, ह्यात संशय नाही. परंतु ग्रंथांची ही मुख्य धारा बाळबोधीत वाहू लागली आणि पुढे खिळ्यांची छपाई प्रबळ झाल्यावर मोडी पुस्तकांचा प्रवाह आटला. परिणाम असा झाला की वाचनाचे दोन तुकडे पडले: पुस्तक वाचावयाचे ते बाळबोधीत, व्यवहाराचा कागद वाचावयाचा तो मोडीत. नव्या शाळेतील मुलाला पुस्तक येई. गावच्या खतावर काय लिहिले आहे ते येईलच अशी खात्री नव्हती.

तिसरी उणीव शिक्षकांची होती. सोसायटीने प्रशिक्षण देऊन तयार केलेले २४ शिक्षक, १४ मराठीचे व १० गुजरातीचे, १८२६ त दक्षिण, कोकण व गुजरातेतील मुख्य गावी पाठविले गेले. हा ह्या योजनेतील सर्वांत निश्चित टप्पा होय. पण त्याची मर्यादाही तितकीच निश्चित आहे. १८२९ च्या गणतीतील १,७०५ शाळांपैकी सरकारी शाळा होत्या अवघ्या २५, म्हणजे शेकडा दीड. उरलेल्या १,६८० शाळा पंतोजींच्याच होत्या. एल्फिन्स्टनच्या टिपणात चालू शाळांची सुधारणा हे पहिले कलम होते. प्रत्यक्षात मात्र चालू शाळांच्या शेजारी नव्या शाळा उभ्या राहिल्या. पुस्तक, पद्धती व प्रशिक्षित शिक्षक ही तिन्ही साधने एकत्र आली ती नव्या शाळेत. जुन्या शाळेच्या वाट्याला त्यांपैकी क्वचितच काही आले.

दुसरी वाट शक्य होती, ह्याचा दाखला पुरंदर तालुक्यात मिळतो. महसूल पाहणीच्या कामावरील अधिकारी शॉर्टरीड ह्याने १८३६ च्या सुमारास तेथे गावशाळांचा उपक्रम सुरू केला. शिक्षक स्थानिक आणि अल्प वेतनाचे; शिक्षण वाचन, लेखन व हिशेब एवढेच. १८४० त सोसायटीचे काम बोर्ड ऑफ एज्युकेशनकडे गेले आणि १८४२ पर्यंत पुरंदरच्या शाळांची संख्या ६३ झाली. ह्या शाळांचे शिक्षण माफक होते. पण एका तालुक्यात त्यांनी जी संख्या गाठली, ती १८२९ मधील साऱ्या इलाख्यातील सरकारी शाळांच्या अडीचपट होती. योजना गावाच्या गरजेपासून आरंभ करते की भांडारातील साधनापासून, ह्यावर तिचा विस्तार किती अवलंबून असतो, हे ह्या आकड्यांवरून दिसते.

मग छापील पुस्तकाने काय साधले? माझ्या मते त्याचे सर्वांत मोठे कार्य योजनाकारांच्या कल्पनेबाहेरचे होते. पंतोजींची विद्या परंपरेने हातातून हातात जाई. तिच्यात शिरकाव करणे बाहेरच्यास कठीण होते. छापील पुस्तक मात्र जो वाचू शकेल त्याचे होई. खालच्या मानल्या गेलेल्या जातींत शिक्षण प्रथम पसरले, तर इतर लोक त्याचा तिरस्कार करतील, अशी धास्ती एल्फिन्स्टनने आपल्या टिपणात व्यक्त केली होती. १८४८ त जोतीराव फुल्यांनी पुण्यात मुलींची शाळा काढली आणि सावित्रीबाई तेथे शिकवू लागल्या. पंतोजींच्या परंपरेबाहेरची शाळा आणि तीत शिकविणारी स्त्री, ह्या दोन्ही गोष्टी शक्य होण्यात छापील पुस्तकाचा वाटा होता.

परंतु ह्याच फुल्यांनी १८८२ त हंटर आयोगापुढे सादर केलेल्या निवेदनात प्राथमिक शाळांच्या अभ्यासक्रमासाठी काय मागितले, तेही ध्यानात घेतले पाहिजे. वाचन, मोडी व बाळबोध लेखन आणि हिशेब, ही त्यांच्या मागणीतील पहिली अंगे होती; त्यांच्या जोडीला त्यांनी इतिहास, भूगोल, व्याकरण व शेतीचे प्राथमिक ज्ञान मागितले. पंतोजींच्या शाळेत ज्यांना प्रवेश नव्हता, त्यांच्या वतीने बोलणाऱ्या माणसाने त्या शाळेचे मूळ ज्ञान मागावे, ही गोष्ट अर्थपूर्ण आहे. ज्याच्या जमिनीचे खत मोडीत आहे, त्याला केवळ पुस्तक वाचता येऊन भागत नाही. १८२३ च्या समितीने जो प्रश्न विचारला नव्हता, तो जवळजवळ साठ वर्षांनंतर अशा रीतीने पुढे आला.

ह्या विवेचनाचा हेतू समितीस दोष देण्याचा नाही. योजनेला मोजता येणाऱ्या वस्तू जवळच्या वाटतात. पुस्तकांच्या प्रती मोजता येतात, शिक्षक मोजता येतात, पुढील काळात दूरदर्शन संच व संगणकही मोजता आले. शिक्षकाच्या हातात पडल्यावर त्या वस्तूचे काय होते, हे मोजावयास शाळेत जाऊन बसावे लागते. आपल्या इतिहासलेखनानेही बराच काळ मोजलेल्या वस्तूंचाच हिशेब ठेवला. रा. वि. परुळेकरांनी १८२० ते १८३० च्या दशकातील देशी शाळांविषयीचे सरकारी कागद संपादित करून दुसऱ्या बाजूचा हिशेब सुरू केला. पण तेही कलेक्टरांनी इंग्रजीत पाठविलेले कागद होत.

पंतोजींच्या स्वतःच्या जगाचे अवशेष गावोगावच्या दप्तरांत आणि पुण्याच्या पुराभिलेखागारातील रुमालांत शोधावे लागतील. ते मोडीत आहेत. छापील पुस्तकाच्या मागोमाग शाळेतून हळूहळू हद्दपार झालेली ती लिपी आज पदव्युत्तर विद्यार्थ्याला वेगळ्या वर्गात बसून शिकावी लागते. ह्या विषयावर संशोधन करू इच्छिणाऱ्याने म्हणून आरंभ तेथूनच करावा.